स्टीफनची गुहा

9 ऑक्टोबर, लुईव्हिल (केंटकी)

मॅमथ केव्हला जाण्याआधी लोकस्ट ग्रोव्ह पाहायचंच, असा हट्ट मी धरला होता. भाचीला त्याचं कारण कळेना. "अगं मावशी, गुहा दीडशे किलोमीटर लांब, आणि तू गावातलंच जुनं घर बघायला निघालीस?" पण त्या गुहेचा सर्वांत गाजलेला नकाशा 1842 च्या हिवाळ्यात याच घरात काढला गेला. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. नकाशाचं जन्मस्थान हाताशी असताना ते टाळून पुढे कशी जाऊ?

विटांचं दुमजली, ऐसपैस घर. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्रोघन कुटुंबानं बांधलेलं. घरची बाई ल्युसी ही, लुईस आणि क्लार्क या जोडीनं अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळला त्यातल्या विल्यम क्लार्कची बहीण. तिचा मुलगा डॉ. जॉन क्रोघन. त्यानं 1839 मध्ये मॅमथ गुहा विकत घेतली, जमिनीसकट, तिथल्या हॉटेलासकट आणि गुलाम वाटाड्यांसकट. त्या वाटाड्यांत स्टीफन बिशप नावाचा जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा होता. आधीच्या मालकानं, फ्रँकलिन गोरिन या वकिलानं, त्याला वर्षभर आधी गुहेत कामाला लावलं होतं.

पुढच्या चार वर्षांत स्टीफननं गुहेचे इतके नवे भाग शोधले की जुने नकाशे कामाचे राहिले नाहीत. मग डॉक्टरनं त्याला इथे आणलं. दोन आठवडे बसून त्यानं जवळजवळ सगळी गुहा आठवणीतून कागदावर उतरवली. मैलोगणती बोगदे, वळणं, खड्डे, नद्या, आणि त्यातलं कितीतरी त्याच्याआधी कुणी पाहिलेलंच नाही. हा नकाशा 1845 मध्ये एका प्रवासवर्णनाबरोबर छापला गेला आणि त्यावर स्टीफनचं नाव आहे. ज्या राज्यात माणूस मालमत्तेच्या यादीत मोजला जात होता, तिथे त्या माणसाच्या नावानं नकाशा छापून आला. त्याची बायको शार्लट ही याच घरातली गुलाम मुलगी.

घर दाखवणाऱ्या बाईंनी सगळं न टाळता, न पुसता सांगितलं. ते मला फार आवडलं. नकाशाची प्रत मी बराच वेळ पाहत राहिले. आता गुहा बघायला मी तयार आहे.

11 ऑक्टोबर, मॅमथ केव्ह

लुईव्हिलहून पासष्ट नंबरच्या हायवेनं दक्षिणेला आलो. दीड तासाचा रस्ता. पण वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, कारण लुईव्हिल पूर्वेच्या वेळेवर चालतं आणि गुहा मध्य विभागाच्या. तिकडून इथे येताना तास मिळतो. पण नॅशव्हिलकडून येऊन पुढे लुईव्हिलला काही ठरवलं असेल तर तो जातो. बेत आखताना हे ध्यानात ठेवावं.

हायवे सोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या कुरणांत बशीसारखे खोलगट खळगे दिसायला लागतात. काहींत पाणी साचलेलं, काहींच्या तळाशी झाडांचं झुबकं. हीच ती विलयविवरं! नववीच्या पुस्तकातली आकृती फळ्यावर काढून काढून माझे हात दुखले, पण साताऱ्याच्या कुठल्या मुलाला मी हे प्रत्यक्ष दाखवणार होते? आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचा बेसाल्ट. त्यात पाण्यानं विरघळून गुहा होत नाहीत. आपल्याकडे अजिंठा-वेरूळ माणसानं छिन्नीनं कोरलं, आणि निसर्गाची म्हणून शिवथरसारखी एखादी घळ. इथे सगळं काम पाण्यानं केलं आहे. जवळच्या बोलिंग ग्रीन गावात फेब्रुवारी 2014 मध्ये कॉर्व्हेट मोटारींच्या संग्रहालयाची जमीन अशीच एका रात्रीत खचली आणि आठ गाड्या पोटात गेल्या. म्हणजे हे काम अजून चालू आहे.

काम चालतं ते असं. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डाय-ऑक्साइड घेतं आणि सौम्य आम्ल होतं. ते चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि दगड विरघळवत नेतं. इथली चुनखडी 32 कोटी वर्षांहून जुनी, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली. खालून ग्रीन रिव्हर आपलं पात्र खोल खोल कापत गेली, तशी भूजलाची पातळी उतरली, पाण्यानं खालचे नवे मार्ग धरले आणि वरचे कोरडे पडले. म्हणून इथे गुहा मजल्यामजल्यांची आहे. सर्वांत वरचा मजला सर्वांत जुना. आणि या सगळ्यावर वालुकाश्माचा जाड थर, घरावर कौलं शाकारावीत तसा. पाऊस तो थर पार करू शकत नाही, म्हणून आतले मोठे बोगदे कोसळले नाहीत, कोरडे राहिले. त्यामुळेच मॅमथमध्ये बहुतेक ठिकाणी लवणस्तंभ नाहीत. लवणस्तंभांची आस धरून येणारे इथे खट्टू होतात. त्यांनी फ्रोझन नायगारा हा भाग पाहावा. तिथे वरचं छप्पर फाटलं आहे, पाणी झिरपतं आणि दगडाचे पडदे लोंबतात. पण या गुहेचं वैभव तिच्या लांबीत आहे. आजवर 686 किलोमीटरहून जास्त मार्ग मोजून झाले आहेत. पुण्याहून थेट नागपूरपर्यंत जमिनीखालून चालत जावं, एवढी ही लांबी. जगात एवढी लांब गुहा दुसरी नाही, आणि मोजणी दरवर्षी पुढे सरकते आहे.

दुपारी ऐतिहासिक टूर, गॉथिक अॅव्हेन्यूसकटची मोठी. बाहेर उबदार ऊन होतं. तोंडाकडे पायऱ्या उतरताना गार वाऱ्याचा झोत अंगावर आला. आत बारा महिने 12 अंश सेल्सिअस. मेपल लाल, ट्युलिप पॉप्लर पिवळे, आणि त्यांच्या मधोमध हे काळं तोंड.

'बॉटमलेस पिट'पाशी आमच्या रेंजरबाई थांबल्या. आता त्यावर मजबूत पूल आहे, खाली दिवा आहे. खोली सुमारे 32 मीटर. 1838 पर्यंत हीच गुहेची सीमा होती. स्टीफननं एका पाहुण्याला घेऊन सरळ दांड्यांची शिडी या खड्ड्यावर आडवी टाकली आणि दोघे रांगत पलीकडे गेले. उजेड म्हणजे चरबीच्या तेलाचा हातातला दिवा. वय सतराच्या आसपास. पलीकडे त्याला नद्या सापडल्या आणि त्या नद्यांत डोळे नसलेले पांढुरके मासे. त्या माशांचं शास्त्रीय वर्णन 1842 मध्ये प्रसिद्ध झालं आणि युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांत चर्चा सुरू झाली, की अंधारात राहून डोळे जातात ते कसे. डार्विनच्या 'ओरिजिन'मध्येही केंटकीच्या गुहांतल्या आंधळ्या जीवांचा विचार आहे. तो मासा पहिल्यांदा हातात धरणारा माणूस मात्र स्वतःच्या नावावर एक चमचासुद्धा घेऊ शकत नव्हता.

गॉथिक अॅव्हेन्यूचं छत जुन्या पाहुण्यांच्या नावांनी भरलं आहे. मेणबत्ती काठीला बांधून, धुरानं अक्षरं काढायची. पाहुण्यांनी पैसे द्यायचे आणि वाटाड्यानं नाव लिहायचं, अशी रीत होती. एक ओळ मी डोक्यावरच्या दगडावर जवळून पाहिली: काजळीचे ठिपके, एकेका ठिपक्यानं बनलेलं अक्षर, वळणावर काजळी दाट, उभ्या रेघेत विरळ, कारण ज्योत तिथे भरभर सरकली असणार. स्टीफन लिहायला-वाचायला शिकला तो असाच, पाहुण्यांची नावं छतावर काढता काढता. त्याचं स्वतःचं नावही गुहेत आहे. आयुष्यभर पाटीवर अक्षरं गिरवून घेतलेल्या माझ्यासारखीला या छताखालून हलवेना. भाचीनं शेवटी हात धरून पुढे नेलं.

12 ऑक्टोबर, रात्री, लॉजवर

आज कंदील टूर केली, 'व्हायोलेट सिटी लँटर्न'. विजेचे दिवे नाहीत. काही जणांच्या हातात रॉकेलचा कंदील, बाकीचे मधेमधे. कालच्याच ब्रॉडवे नावाच्या बोगद्यातून चाललो, पण गुहा निराळी वाटली. विजेच्या झोतात छत दिसतं. कंदिलाच्या उजेडात छत नसतंच, फक्त बाजूच्या भिंतीचा ओबडधोबड भाग चालत्याबरोबर पुढे येतो आणि मागे जातो.

रोटुंडा नावाच्या दालनात शोऱ्याचे हौद आहेत. फळ्यांचे चौकोनी हौद आणि आतून पोखरलेल्या ट्युलिप पॉप्लरच्या ओंडक्यांचे नळ, एकात एक अडकवलेले. या कोरड्या हवेत दोनशे वर्षांत लाकूड कुजलेलं नाही. कंदील जवळ नेला तर ओंडक्याच्या टोकाला पोखरणीच्या फिरत्या खुणा स्पष्ट दिसल्या, जणू सुताराचा हात आत्ताच निघाला. 1812 च्या लढाईत इंग्रजांनी समुद्र अडवला, बाहेरचा शोरा येईना, आणि बंदुकीच्या दारूला शोरा तर हवाच. गुहेतल्या मातीत नायट्रेट भरपूर. ती माती हौदांत भरायची, वरून नळानं आणलेलं पाणी सोडायचं, पाझरलेलं पाणी पंपानं पुन्हा बाहेर चढवायचं आणि लाकडाच्या राखेबरोबर उकळून शोरा काढायचा. हे काम सत्तरच्या आसपास गुलामांनी अंधारात केलं. लढाई संपली, भाव कोसळला आणि मालकांनी गुहा पाहुण्यांसाठी उघडली. या देशातल्या फार जुन्या पर्यटनस्थळांत म्हणून हिची गणना होते.

पुढे दगडी झोपड्या लागतात. इथे माझ्यानं पटकन पुढे जाववेना. डॉ. क्रोघनची समजूत अशी की गुहेची हवा स्थिर आणि शुद्ध, तेव्हा क्षयरोग्यांना ती मानवेल. 1842 च्या हिवाळ्यापासून काही महिने त्यानं रोग्यांना इथे ठेवलं. काही लाकडी, काही दगडी खोल्यांत. दिव्यांचा नि चुलींचा धूर बाहेर जायला वाट नाही, ऊन नाही. जेवण गुलाम वाटाडे नेऊन द्यायचे. रोगी बरे होण्याऐवजी खालावले, काही तिथेच गेले, आणि 1843 मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. डॉक्टर स्वतःही 1849 मध्ये क्षयानंच वारला. मिरजेच्या कोरड्या हवेत सॅनिटोरियममध्ये राहून आलेली माणसं आमच्या लहानपणी घरोघर असत, त्यामुळे या खोल्यांकडे मी परक्या नजरेनं पाहू शकले नाही. औषध नसलेल्या रोगापुढे माणूस हवेवर भरवसा ठेवतो. मात्र ज्यांना रोज खोकल्यात आणि धुरात डबा घेऊन जावं लागत होतं, त्या वाटाड्यांना कुणी विचारलं नाही, याची खंत वाटते.

याच बोगद्यात हजारो वर्षांपूर्वीचे मूळ रहिवासी बोरूच्या मशाली घेऊन मैलोन् मैल आत जात. भिंतीवरचं जिप्सम आणि इतर क्षार खरवडून नेत. जळक्या बोरूंचे तुकडे अजून कडेला पडलेले आहेत. 1935 मध्ये दोन वाटाड्यांना एका अजस्र शिळेखाली असाच एक प्राचीन खाणकामगार सापडला, खणताना शिळा अंगावर आलेला. त्याचा वाळलेला देह 1970 च्या दशकापर्यंत काचेत ठेवून लोकांना दाखवत होते. आता तो गुहेतच पुरला आहे. उशिरा का होईना, बरं केलं.

बाहेर आलो तेव्हा साबणाच्या पाण्यात भिजलेल्या चटईवरून सगळ्यांना चालावं लागलं. वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी धरणारा रोग आहे. 2006 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यात तो पहिल्यांदा आढळला आणि 2013 मध्ये या उद्यानात पोहोचला. बुरशी हिवाळी झोपेतल्या वटवाघळांना वारंवार जागं करते, अंगातली चरबी संपते, आणि ती उपाशी मरतात. त्या बुरशीचे कण माणसाच्या बुटातून दुसऱ्या गुहेत जाऊ नयेत म्हणून ही चटई. ज्या कपड्यांनी दुसरी गुहा पाहिली असेल ते इथे घालून येऊ नयेत, असा नियम आहे आणि तो मनापासून पाळावा.

संध्याकाळी लॉजमागच्या हेरिटेज ट्रेलनं जुन्या वाटाड्यांच्या दफनभूमीत गेलो. चालायला काही मिनिटं. क्षयरोग्यांच्याही कबरी आहेत. स्टीफनचा दगड सर्वांत उंच. क्रोघनच्या मृत्युपत्रानुसार त्याचे गुलाम सात वर्षांनी, 1856 मध्ये मुक्त झाले. स्टीफन पुढच्याच वर्षी गेला, चाळिशीच्याही आत. कितीतरी वर्षं त्याच्या कबरीवर काही नव्हतं. पुढे पिट्सबर्गचे मेलन म्हणून पाहुणे आले, त्यांनी 1878 मध्ये विधवा शार्लटला शब्द दिला आणि 1881 मध्ये दगड पाठवला. तो मुळात यादवी युद्धातल्या एका सैनिकासाठी घडवलेला होता. त्यावरचं नाव घासून स्टीफनचं कोरलं. मृत्यूचं साल 1859 असं चुकीचं पडलं आहे. मी दगडाला हात लावून नमस्कार केला.

13 ऑक्टोबर

वाइल्ड केव्ह टूर. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. छाती किंवा कंबर 42 इंचांपेक्षा जास्त असेल तर घेत नाहीत, कारण पुढे बिळंच तेवढी आहेत. घोट्याच्या वर येणारे, खाचांच्या तळव्यांचे बूट आपले आपण आणायचे. अंगात घालायचा डगला, गुडघ्याचे पॅड, दिव्याचं हेल्मेट ते देतात. सुमारे सहा तास.

पहिल्या बिळापाशी रेंजर म्हणाला, भीती वाटत असेल तर आत्ताच सांगा, इथून परतणं सोपं आहे, पुढून नाही. कुणी परतलं नाही. मग एकेक जण. एक हात पुढे लांब, दुसरा अंगालगत, डोकं एका कुशीवर, कारण हेल्मेट सरळ मावत नाही. गाल दगडाला टेकलेला. दगडाला वास नाही, हे मला तिथे जाणवलं. सह्याद्रीत कातळाला कातळाचा वास असतो. श्वास सोडला की छाती अर्धा इंच उतरते, तेवढ्यात पायाच्या बोटांनी ढकलायचं, मग थांबून छोटा श्वास घ्यायचा, पुन्हा सोडायचा. पुढे भाचीचे बूट दिसत होते आणि तिचा आवाज येत होता, "मावशी, डावीकडे वळ, डावीकडे." तिथे घाई केली तर अंग अडकतं. शांत राहिलं की वाट मिळते.

काही ठिकाणी अरुंद उभ्या घळईत दोन्ही भिंतींच्या कंगोऱ्यांवर पाय फाकवून खाली पोकळी ठेवत पुढे जायचं असतं. आपले गिर्यारोहक ज्याला चिमणी चढाई म्हणतात, तीच, फक्त आडवी. त्यात मला मजा आली. सुळक्यांवर घालवलेली तरुणपणीची सुट्टी कामी आली.

वाटेत एका मोठ्या दालनात बसलो असताना रेंजरनं 9 सप्टेंबर 1972 ची हकिगत सांगितली. मॅमथ गुहा आणि शेजारची फ्लिंट रिजची गुहा या मुळात एकच असाव्यात, अशी शंका जुनी होती. मधे एक दरी. कित्येक वर्षं संशोधक फ्लिंट रिजच्या बाजूनं शोधत होते. शेवटी कृश अंगाची पॅट्रिशिया क्राउदर एका अतिअरुंद फटीतून पलीकडे गेली, आणि नंतरच्या एका फेरीत तिला नि तिच्या साथीदारांना भिंतीवर बाण आणि 'पीट एच' अशी अक्षरं दिसली. 1930 च्या दशकात मॅमथच्या बाजूनं पीट हॅन्सन नावाचा वाटाड्या तिथवर आला असणार! मग जॉन विल्कॉक्सच्या नेतृत्वाखाली सहा जण गेले, गार पाण्यात छातीपर्यंत बुडून, छत डोक्याला लागेपर्यंत. आणि विल्कॉक्सला दिव्याच्या झोतात पर्यटकांच्या वाटेचा कठडा दिसला. दोन गुहा एक झाल्या. त्या दिवशी लांबी 144.4 मैल ठरली, म्हणजे सुमारे 232 किलोमीटर.

माझं मत विचाराल तर ही टूर उत्तम आहे, अंग दुखतं तेही चांगलं दुखतं. पण आमच्या डोक्याला हेल्मेट, हातात दिवा, पुढेमागे रेंजर. साहस म्हणायचं ते चरबीच्या एका दिव्यावर, परत यायची वाट मनात ठेवून, नकाशा नसलेल्या अंधारात पाऊल टाकण्याला. स्टीफनसारख्या गुलाम वाटाड्यांना ना बक्षीस मिळणार होतं ना सुटका. तरी ते जात राहिले, कारण पुढे काय आहे ते त्यांना पाहायचंच होतं. एवढी ओढ कुणी विकत घेऊ शकत नाही.

14 ऑक्टोबर

परतीच्या वाटेवर सँड केव्ह. लाकडी फळ्यांची छोटी पायवाट, शेवटी ओघळाखालचं साधं तोंड. आत जाता येत नाही.

1920 च्या दशकात इथे गुहामालकांची पाहुण्यांसाठी चढाओढ चाले. रस्त्यात मोटारी अडवून एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत. फ्लॉइड कॉलिन्स हा पट्टीचा गुहाशोधक. हमरस्त्याजवळ नवी गुहा मिळावी म्हणून 30 जानेवारी 1925 रोजी या फटीत उतरला आणि बाहेर येताना पायावर दगड पडून अडकला. दगड बारा-तेरा किलोचाच, पण त्या चिंचोळ्या जागेत मागे हात पोहोचेना. लुईव्हिलच्या वर्तमानपत्राचा स्कीट्स मिलर हा किरकोळ अंगाचा तरुण बातमीदार फटीतून त्याच्यापर्यंत गेला, त्याला भरवलं, त्याच्याशी बोलला. त्या वृत्तांतांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. वर हजारोंची जत्रा भरली, खाण्यापिण्याच्या गाड्या लागल्या, रेडिओवर रोज बातमी. 4 फेब्रुवारीला वाट कोसळली. बाजूनं विहीर खणून 16 तारखेला माणसं पोहोचली तेव्हा तो गेला होता. पुढे त्याचा देहसुद्धा काचेच्या पेटीत ठेवून एका गुहेत पैसे घेऊन दाखवला. 1989 मध्ये त्याला नीट मूठमाती मिळाली. हे सांगताना भाचीचा आवाज चढला होता. मला 2006 मध्ये कुरुक्षेत्राजवळ बोअरवेलमध्ये पडलेला लहानगा प्रिन्स आठवला. तेव्हाही टीव्हीपुढून देश हलला नव्हता. तो सुदैवानं वाचला.

आणि 2018 चा थायलंड. बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पाण्यानं भरलेल्या गुहेत अडकले, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामात मदतीला किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही गेले होते. किर्लोस्करवाडीचं नाव त्या बातमीत वाचून ऊर भरून आला होता. 1925 मध्ये माणसं कमी धडपडली नाहीत. त्यांच्याकडे साधनं आणि एकवाक्यता नव्हती. थायलंडमध्ये दोन्ही होतं, सगळी मुलं जिवंत बाहेर आली. पण त्याच कामात एका थाई पाणबुड्यानं प्राण गमावला, हेही विसरता येत नाही.

17 ऑक्टोबर, लुईव्हिल

मंडळाच्या भोंडल्याची तयारी चालू आहे. मधल्या वेळात कबरीचा फोटो पाहून भाचीच्या मुलानं विचारलं, "आजी, स्टीफनच्या नंतर कोण?"

त्याला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. मॅट आणि निक ब्रॅन्सफर्ड हे स्टीफनच्याच वेळचे वाटाडे. त्यांच्या मालकानं त्यांना वर्षाला शंभर डॉलर भाड्यानं गुहेला दिलं होतं. मॅटची मुलं विकली गेली. तरी गुलामी संपल्यावरही ब्रॅन्सफर्ड घराणं पिढ्यान् पिढ्या गुहा दाखवत राहिलं. मग राष्ट्रीय उद्यान उभं राहू लागलं. त्यासाठी शेकडो कुटुंबांच्या जमिनी गेल्या, आणि 1941 मध्ये उद्यान झालं तेव्हा ज्यांच्या पूर्वजांनी गुहा शोधली त्या काळ्या वाटाड्यांना त्यात जागा राहिली नव्हती. 1981 मध्ये जागतिक वारशाची मान्यता आली, तेव्हाही नाही. 2004 मध्ये मॅटचे वंशज जेरी ब्रॅन्सफर्ड पुन्हा मॅमथचे वाटाडे झाले. साठ-पासष्ट वर्षांचा खंड त्यांनी भरून काढला.

ज्यांचे मुलगे, मुली, भाचे या देशात आहेत, त्यांना सांगणं एवढंच. ग्रँड कॅनियन, नायगारा सगळेच पाहतात; केंटकीला या. उद्यानाला प्रवेश फुकट आहे, पण टूरची तिकिटं संपतात, तेव्हा ती आधी काढून ठेवा, विशेषतः कंदील टूरची. गुडघे दुखत असतील तर जिने कमी असलेली छोटी टूर घ्या. एक जाड स्वेटर न्या. आणि हेरिटेज ट्रेलनं जुन्या दफनभूमीत नक्की जा. ती वाट सपाट आहे, चाकाच्या खुर्चीलाही चालते, तिला तिकीट नाही. मुलांना बरोबर न्या आणि त्या दगडासमोर स्टीफन बिशपची गोष्ट तुम्हीच सांगा.